जुन्या पेठेतील वसतिगृह : आपली हरकत नेमकी कशाला?

गेल्या दीपावलीनंतरची गोष्ट. धाराशिवच्या जुन्या गावात, आमच्या दुकानासमोरचा एक जुना वाडा विकला गेला. मूळ मालकाची मुले पुण्या-मुंबईस स्थायिक झालेली. वाड्याकडे पाहणारे कोणी उरले नव्हते. घेणाऱ्याने तेथे विद्यार्थ्यांसाठी पाच मजली वसतिगृह बांधायचे ठरविले असून ऐंशी मुलांची सोय होणार, अशी वार्ता गल्लीत पसरली. आठच दिवसांत शेजारची चार वडीलधारी मंडळी नगरपालिकेच्या नावाने लिहिलेले हरकतपत्र घेऊन दुकानात आली. "शेठ, पहिली सही तुमची," असे म्हणत त्यांनी कागद गादीवर ठेवला.

मी पत्र वाचले. बाहेरगावची मुले येतील, रात्री-अपरात्री गल्लीत वावर वाढेल, लेकी-सुनांना अवघडल्यासारखे होईल, मंदिराच्या वाटेवर नको त्या खाणावळी निघतील, पेठेचे वळण बिघडेल, असा एकूण मजकूर होता. लिहिणारे सारे सज्जन. त्यांची काळजी खोटी म्हणता येणार नाही. परंतु लेखणी हातात घेतली आणि मन अडखळले. माझी धाकटी कन्या गेली दीड वर्षे लातूरला अशाच एका वसतिगृहात राहून बारावीचा अभ्यास करीत आहे. ज्या गल्लीत ती राहते, त्या गल्लीच्या दृष्टीने तीही 'बाहेरगावची'च. त्या गल्लीतील मंडळींनी असे पत्र लिहिले असते, तर माझ्या मुलीने कोठे राहावयाचे होते?

"उद्या सांगतो," एवढेच मी म्हणालो. त्या एका दिवसाचे पुढे दोन महिने झाले. या काळात जे पाहिले, वाचले आणि जाणत्या माणसांशी बोलून जे समजले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण आज आमच्या गल्लीत आलेला हा प्रश्न उद्या आपल्या प्रत्येकाच्या पेठेत येणार आहे.

मुले येणारच आहेत

धाराशिव हे आता केवळ बाजाराचे आणि कचेऱ्यांचे गाव राहिलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र येथे २००४ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंभर जागांची मान्यता मिळाली. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या यांचे वर्ग आहेतच. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या परिसरात देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून मुले-मुली शिकावयास येतात. संस्थांची स्वतःची वसतिगृहे सर्वांना पुरत नाहीत. मग उरलेली मुले कोठे जातात? बसस्थानकापासून पायी जाता येईल, जेथे डबा मिळेल, खोलीचे भाडे बापाला झेपेल, अशा जागी. अशी जागा बहुधा जुन्या गावातच सापडते.

याच जुन्या गावात आपल्या समाजाची घरे आणि दुकाने आहेत. म्हणजे या प्रश्नात आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत. हरकत घेणारे शेजारी आपण, वाडा विकणारे मालकही पुष्कळदा आपणच, आणि लातूर-पुण्यास मुले पाठविणारे पालकही आपणच. तेव्हा आपले म्हणणे असे हवे की, ते या तिन्ही ठिकाणी उभे राहून आपल्याला सारखेच मान्य होईल. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे, हे चोख व्यवहारातही बसत नाही.

पुण्याच्या पेठांनी काय अनुभवले

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पेशवाईच्या काळात वाढलेल्या या वस्तीत आज स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येऊन राहतात. त्यांत आपल्या जिल्ह्यातील मुलांची संख्या लहान नाही. तेथे एक शब्द रूढ झाला आहे, 'कॉट बेसिस'. खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत चार खाटा, चार ट्रंका, दोरीवर वाळणारे कपडे आणि भिंतीला लावलेला नकाशा. दिवसभर बसण्यासाठी अभ्यासिका निराळी, तिचे शुल्क निराळे, जेवणाची मेस निराळी.

पेठेतील जुन्या रहिवाशांच्या तक्रारीही खऱ्या आहेत. ज्या वाड्यात सहा बिऱ्हाडे राहत होती, तेथे पन्नास-साठ मुले राहू लागली, की पाणी, मैला, कचरा, दुचाक्या या साऱ्यांचा भार त्याच अरुंद बोळावर पडतो. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे तेथील कित्येक जुने वाडे धड पाडताही येत नाहीत आणि धड बांधताही येत नाहीत. असा मोडकळीस आलेला वाडा आतून फळ्या ठोकून खाटांसाठी दिला जातो, तेव्हा तो विद्यार्थ्यालाही घातक ठरतो आणि वाड्यालाही.

परदेशातही असेच घडले आहे. इंग्लंडमधील डरहॅम हे कॅथेड्रल आणि किल्ल्यासाठी जागतिक वारसा यादीत असलेले छोटे गाव. तेथील विद्यापीठ वाढत गेले आणि जुन्या गल्ल्यांतील घरे एकामागून एक विद्यार्थ्यांच्या खोल्या होऊ लागली. सुट्ट्या लागल्या की त्या गल्ल्या ओस पडत. दुकानदारांचा धंदा वर्षातून काही महिनेच चाले. तेथील लोकांनी हरकती घेतल्या, वाद झाले. अखेर परगण्याच्या २०२० च्या विकास योजनेत एक माप ठरले : एखाद्या जागेभोवती शंभर मीटरच्या आत दहा टक्क्यांहून अधिक घरांत विद्यार्थी राहत असतील, तर तेथे आणखी विद्यार्थीनिवासास सामान्यतः परवानगी द्यावयाची नाही. हे माप आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण त्या लोकांनी मुलांना दूषणे देण्याचे सोडून मोजमाप ठरविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

किल्लारीच्या रात्रीचा धडा

आता आपल्या मातीतील गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरू शकत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, गावोगाव गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. चारला काही मिनिटे असताना धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे क्षणात भुईसपाट झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.

ती माणसे का गेली, याचा अभ्यास नंतर झाला. आपल्या भागातील जुनी घरे म्हणजे दगडाच्या रुंद भिंती, सांध्यात चुन्याऐवजी माती, आणि वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात थंड, चोरापासून सुरक्षित, आणि दिसावयास भारदस्त. परंतु भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत बांधलेले नसल्याने धक्का बसताच भिंत फुगली, फुटली आणि माळवदासह झोपलेल्यांवर कोसळली. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंप नकाशा सुधारण्यात आला आणि सर्वांत कमी धोक्याचा म्हणून जो पहिला विभाग होता, तो रद्दच झाला.

आमच्या जुन्या गावातील अनेक वाडे याच पद्धतीचे आहेत. समोरचा वाडा पाडून नवी इमारत व्हावयाची आहे. ती नियमाने, भूकंपरोधक आराखड्याने झाली, तर जुन्या वाड्यापेक्षा सुरक्षितच होईल. खरी भीती दुसऱ्या प्रकाराची आहे. जुन्या दगड-मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर एक-दोन मजले चढवावयाचे, मधल्या भिंती काढून खोल्या वाढवावयाच्या आणि वर मुले ठेवावयाची, हा प्रकार खर्च वाचविण्यासाठी सर्रास होतो. ज्या जिल्ह्याने १९९३ पाहिले, त्या जिल्ह्यातील कोणीही असे घर भाड्याने देताना स्वतःच्या मनाला विचारावे : या छताखाली मी माझ्या मुलाला झोपवीन काय?

आगीचेही तसेच. २४ मे २०१९ रोजी सुरतमध्ये एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील क्लासला आग लागून २२ जणांचा बळी गेला; त्यांत बहुतेक कोवळी मुले होती. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तळघर साठवणुकीसाठी होते, तेथे अभ्यासिका चालत होती. या दोन्ही ठिकाणी शेजाऱ्यांनी वेळीच योग्य हरकत घेतली असती, तर ती हरकत म्हणजे जीवदयाच ठरली असती.

पाण्याचा हिशेब

आपण व्यापारी माणसे. आकडे मांडल्यावाचून आपले समाधान होत नाही. वसतिगृहासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा संकेत आहे. ऐंशी मुलांचे होतात १०,८०० लिटर. म्हणजे पाच हजार लिटरचे दोन टँकर रोज आले, तरी ८०० लिटर कमीच पडणार. त्याच वाड्यात पूर्वी आठ माणसांचे कुटुंब राहत होते, त्याला याच मापाने १,०८० लिटर पुरत होते. मागणी दसपट झाली. नळाची जोडणी आणि गटाराची रुंदी मात्र तीच.

धाराशिवला उजनीचे पाणी लांबून उपसून आणावे लागते. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही. अशा प्रदेशात पाण्याची तजवीज न सांगता उभी राहणारी ऐंशी खाटांची इमारत ही शेजाऱ्यांवरही अन्याय करते आणि त्या मुलांवरही. कारण उन्हाळ्यात पहिली तोटी त्यांचीच कोरडी पडते.

आपली परंपरा काय सांगते

या प्रश्नाकडे परके म्हणून पाहण्याचा अधिकार आपल्या समाजाला नाही, असे मला नम्रपणे वाटते. धाराशिवची लेणी गावापासून जवळच आहेत. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळील लेण्यांचा आणि पार्श्वनाथांच्या मूर्तीचा वृत्तान्त येतो. तेरापूर म्हणजे आजचे तेर, प्राचीन तगर; ज्याच्या व्यापाराची नोंद पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातही आहे. या लेण्यांतील मोठ्या लेण्यात मधोमध मंडप आणि भोवती राहण्याच्या खोल्या कोरलेल्या दिसतात. खडकात कोरलेले निवासच ते! तेथे राहणारे साधू गावाला परकेच होते. पण गावाने त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी आपल्या आचाराने गावाला मोठेपण दिले.

आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र ज्यांच्या नावाने पावन झाले, ते कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे बंधू प्रथम विद्यार्थीच होते. राजपुत्र असूनही ते बालपणीच गुरूकडे विद्याभ्यासासाठी गेले आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिले. विद्या संपादून नगरात परतताना राजवाड्याच्या गवाक्षात एक कन्या दिसली. दोघांच्याही मनात अभिलाषा निर्माण झाली. ती आपलीच भगिनी आहे, हे समजले तेव्हा त्यांना विलक्षण खंत वाटली आणि त्यातूनच वैराग्य उपजले. प्रवचनात ही कथा आपण वैराग्याची म्हणून ऐकतो. एका बापाच्या नात्याने मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. विद्येसाठी दूर ठेवलेले मूल घराच्या ओळखीलाच मुकते. ज्या गावात ते राहते, त्या गावाने त्याला थोडेतरी घर दिले पाहिजे.

हे जाणूनच आपल्या पूर्वजांनी बोर्डिंगे काढली. दानवीर सेठ माणिकचंद यांनी वडिलांच्या नावे मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये निघालेल्या वसतिगृहांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते; तेथे राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून बोर्डिंग चालविले आणि खेड्यापाड्यांत शिक्षण नेले. या बोर्डिंगांत गृहपती असे, प्रार्थनेची वेळ असे, सूर्यास्तापूर्वी भोजन असे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे कोणीतरी असे. केवळ खाटा मोजून बोर्डिंग होत नाही, हे त्या काळच्या शेठ मंडळींना ठाऊक होते.

पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंगची जागा विकण्याचा व्यवहार २०२५ मध्ये झाला, तेव्हा साधुसंतांपासून माजी विद्यार्थ्यांपर्यंत सारा समाज रस्त्यावर उतरला आणि ऑक्टोबरअखेर तो व्यवहार रद्द झाला. वसतिगृह वाचावे म्हणून ज्या समाजाने एवढी एकजूट दाखविली, त्याच समाजाने आपल्या गल्लीत विद्यार्थी नकोत म्हणून सह्या कराव्यात, हे शोभेल काय?

मग हरकत घ्यावयाचीच नाही काय?

घ्यावयाची, पण योग्य मुद्द्यावर आणि योग्य ठिकाणी. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, तेव्हा नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. जुन्या पेठेत इमारतींची उंची किती असावी, वाड्यांचे दर्शनी भाग जपावेत काय, विद्यार्थीनिवासासाठी महाविद्यालयांजवळ जागा राखावी काय, हे सारे सांगण्याची खरी वेळ तीच. आपण मात्र त्या महिन्यात दुकानाच्या गडबडीत असतो आणि वाड्यावर हातोडा पडला की जागे होतो. एखाद्या इमारतीबाबत शंका असेल, तर मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अग्निसुरक्षेसंबंधी २००६ चा राज्याचा अधिनियम आहे. तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकाने यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. ते आहे काय, हे विचारणे हा शेजाऱ्याचा हक्कच आहे.

शेवटी मी जुने पत्र बाजूला ठेवून नवे लिहिले. त्यात मुलांविषयी एकही वाकडा शब्द ठेवला नाही. मागण्या पाचच केल्या : बांधकाम भूकंपरोधक असल्याचा अभियंत्याचा दाखला मिळावा, वर जाण्या-येण्यास दुसरा जिना असावा, पाण्याची टाकी, विंधन विहीर आणि छतावरील पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण यांची तजवीज नकाशात दाखवावी, खाटांची संख्या गल्लीच्या गटाराला आणि रस्त्याला झेपेल इतकीच असावी, आणि रात्रंदिवस हजर राहणारा गृहपती नेमून त्याचे नाव व फोन क्रमांक दारावर लिहावा. जुन्या वाड्याचा कोरीव सागवानी दरवाजा आणि चौकातील खांब नव्या इमारतीत कोठेतरी वापरावेत, अशी एक विनंतीही जोडली.

गल्लीतील वडीलधाऱ्यांना प्रथम हे रुचले नाही. "शेठ, तुम्ही तर परवानगीच देऊन टाकली," असे एक जण म्हणाले. मी त्यांना विचारले, "आपला नातू पुण्यात कोठे राहतो?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सहाव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असते म्हणतो." त्यांनी सही केली आणि स्वतःच्या हाताने सहावी मागणी लिहिली : मुलांना गल्लीत नीट जेवण मिळावे म्हणून शाकाहारी मेस आपल्याच दोन घरांनी चालवावी.

मालकाशी दोन बैठका झाल्या आहेत. दुसरा जिना आणि टाकी त्याने मान्य केली. खाटांची संख्या ऐंशीवरून साठ करावयास तो अजून तयार नाही. महिन्याला माणशी वीस हजारांपर्यंतच्या आणि किमान नव्वद दिवसांच्या मुक्कामावर आता जीएसटी नाही, तेव्हा वीस खाटा कमी केल्याने त्याचे किती नुकसान होते, याचा हिशेब आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. निकाल काय लागेल, ते आज सांगता येत नाही.

मधल्या काळात लातूरला गेलो होतो. कन्येच्या वसतिगृहाच्या शेजारी एक वृद्ध काकू राहतात. माझी मुलगी तापाने आजारी होती तेव्हा तीन दिवस त्यांनी भाताची पेज करून दिली, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. मी हात जोडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, गल्लीतलीच मुलगी ती." परतीच्या बसमध्ये मला आमच्या हरकतपत्राची पहिली प्रत आठवत होती. ती अजून दुकानाच्या खणात, बिनसहीची, पडून आहे.